मेक्सिको आणि आपण



भंडारा जिल्ह्यातील सिहोरा हे माझे गाव. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु आयुष्यभर शाळेत भूगोल शिकविला. एकदा नकाशावर मेक्सिको दाखवीत असता एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, त्या देशाचा आणि आपला संबंध काय?" मी घाईत होतो. म्हणालो, "काही नाही." ते उत्तर चुकीचे होते. त्या चुकीची दुरुस्ती मी आज आपल्यासमोर करणार आहे.

पृथ्वीचा गोल हाती घ्यावा. सिहोरा सुमारे ८० अंश पूर्व रेखांशावर, तर मेक्सिको शहर ९९ अंश पश्चिम रेखांशावर आहे. म्हणजे पृथ्वीला जवळजवळ अर्धा वळसा! आमच्याकडे माध्यान्ह असते, तेव्हा तेथे मध्यरात्र. पण विषुववृत्तापासूनचे अंतर मात्र दोहोंचे जवळपास सारखेच. त्यामुळेच की काय, तिकडची पिके इकडे सुखाने नांदली.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. तिचे माहेर मेक्सिको. त्यापूर्वी आपले पूर्वज मिरी, पिंपळी आणि आले यांवर तिखटाची हौस भागवीत. नव्या फळाला त्यांनी मिरीवरूनच नाव दिले. मक्याचे मूळही तेथलेच. दसऱ्याला दारी ज्या झेंडूचे तोरण लावतो, तोही तिकडचाच; मेक्सिकोतील लोक नोव्हेंबरच्या आरंभी त्याच फुलांनी आपल्या पितरांचे स्मरण करतात.

हे झाले घेणे. देण्याची गोष्ट आपल्या विदर्भातील आहे. वर्धा येथे जन्मलेले पांडुरंग सदाशिव खानखोजे हे देशाच्या स्वातंत्र्यासाठी तरुणपणीच परदेशी गेले. अमेरिकेत त्यांनी सैनिकी शिक्षण घेतले आणि शेतीशास्त्रही अभ्यासिले. गदर पक्षाच्या उभारणीत त्यांचा हात होता. पहिल्या महायुद्धात ते इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. स्वदेशाची दारे बंद झाली, तेव्हा १९२४ साली ते मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झाले. मका व गहू यांचे सुधारलेले वाण तयार करण्यासाठी त्यांनी परिश्रम केले. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतकीशाळा काढल्या. डिएगो रिव्हेरा या विख्यात चित्रकाराने भिंतीवरील एका चित्रात त्यांना भाकरी मोडून वाटणारा पुरुष म्हणून रंगविले आहे. ज्याला स्वतःच्या देशात पाऊल ठेवता येत नव्हते, त्याने परक्यांच्या अन्नाची चिंता वाहिली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

सरकारी संबंध त्यानंतर जुळले. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर लॅटिन अमेरिकेतील देशांत मेक्सिकोनेच प्रथम आपल्याला मान्यता दिली. १ ऑगस्ट १९५० रोजी राजनैतिक संबंध प्रस्थापित झाले. पुढे १९६२ ते १९६८ या काळात कवी ऑक्टाव्हियो पाझ हे दिल्लीत मेक्सिकोचे राजदूत होते.

पण खरी कसोटी १९६५ व १९६६ या लागोपाठच्या अवर्षणांत लागली. परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली होती. आपला गहू उंच वाढे. खतपाणी अधिक दिले की लोळे. मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांनी बुटका, ताठ उभा राहणारा गहू सिद्ध केला होता. डॉ. स्वामीनाथन प्रभृतींच्या आग्रहाने १९६६ साली त्याचे सुमारे १८,००० टन बियाणे आपल्याकडे आले. त्याचा दाणा तांबूस होता. म्हणून आपल्या शास्त्रज्ञांनी तिकडून आलेल्या वाणांतून पोळीस योग्य असे 'कल्याणसोना' आणि 'सोनालिका' निवडले.

या गव्हाचे श्रेय मी खानखोज्यांना देत नाही. ते बोरलॉग यांचेच. तथापि बोरलॉग यांचे कार्य ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेत पुढे चालले, ती १९६६ साली स्थापन झालेली मका व गहू संशोधन संस्था चापिंगोच्याच परिसरात, टेक्सकोको येथे आहे. तिच्याशी जोडलेले एक संशोधन केंद्र आज आमच्या शेजारच्या जबलपुरात आहे. आणि २२ जानेवारी १९६७ रोजी स्वदेशी परतलेल्या खानखोज्यांनी नागपुरात देह ठेवला, तेव्हा ते मेक्सिकन बियाणे उत्तरेकडील शेतांत वाढत होते.

चापिंगो येथे २०२२ साली त्यांचा पुतळा उभारण्यात आला. आमच्या मुलांना मात्र त्यांचे नाव मी सांगितले नाही. कारण मलाच ते ठाऊक नव्हते. तो विद्यार्थी आज कोठे असेल, कोण जाणे! हे भाषण त्याच्या कानी पडले, तर त्याने आपल्या गुरुजींचे ते उत्तर खोडून टाकावे. आपणा सर्वांस मात्र एवढीच विनंती, की आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील मुलांना नकाशा उघडून द्यावा, आणि एका बोटाने वर्धा व दुसऱ्याने मेक्सिको शोधावयास सांगावे. संबंध काय, असे ती विचारतीलच. आपल्यापाशी आता उत्तर आहे.