खुर्चीचे चार पाय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचेचाळीस वर्षांनी या पटांगणात उभी आहे. कडुनिंबाचे झाड तेच आहे, फक्त त्याच्याखाली बसणाऱ्यांचे केस पांढरे झाले आहेत.

संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "आपल्या वर्गातली तू पहिली बँक मॅनेजर. बायकांनी नोकरीत पुढे कसे यावे, यावर पंधरा मिनिटे बोल." मी हो म्हटले खरे, पण नंतर विचारात पडले. अशा भाषणात बाईने काय सांगायचे ते ठरलेले असते. जिद्द ठेवा, कष्ट करा, संकटांना घाबरू नका. टाळ्या पडतात आणि बाई खाली बसते.

पण जिद्द काय माझ्या एकटीकडेच होती? आपल्या भागात रोवणीच्या दिवसांत बायका गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून असतात. जिद्द आणि कष्ट यांत त्यांच्यापुढे मी कोण? आणि पुढारपणही बायकांना नवे नाही. रोवणीच्या गटात एक बाई पुढे असते. कोणाच्या बांधीत कधी जायचे, मजुरी किती मागायची, कोणाचे लेकरू आजारी आहे म्हणून तिला आज सुटी द्यायची, हे सगळे तीच ठरवते. फरक इतकाच की त्या बाईला कोणी मॅनेजर म्हणत नाही.

म्हणून आज मला माझ्या जिद्दीची गोष्ट सांगायची नाही. मी ज्या खुर्चीवर बसले, ती कशावर उभी होती ते सांगायचे आहे. अडतीस वर्षांच्या नोकरीनंतर मागे वळून पाहते तेव्हा मला त्या खुर्चीचे चार पाय दिसतात.

पहिला पाय घराचा.

मी १९८६ मध्ये बँकेत क्लर्क म्हणून लागले. बँकेत असलेल्यांना ठाऊक आहे, क्लर्कचा ऑफिसर होणे म्हणजे बदली. १९९३ मध्ये मला संधी आली, तेव्हा धाकटा वर्षाचा होता. मी नकार लिहून दिला. १९९६ मध्ये पुन्हा आली, पुन्हा नकार. त्या दोन कागदांबद्दल कोणी मला काही विचारले नाही. माझ्याबरोबर लागलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांनी पहिल्याच संधीला होकार दिला होता. त्यांचीही मुले लहानच होती.

१९९९ मध्ये तिसऱ्यांदा विचारणा झाली. १ मे रोजी आपला जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला आणि त्याच वर्षी मी घरापासून. नेमणूक वडशाला मिळाली. मी नाहीच म्हणणार होते. पण माझ्या सासूबाई, ज्यांना सही करता येत नव्हती, त्या म्हणाल्या, "जा बाई. लेकरं काही तुझ्या एकटीची नाहीत." मिस्टर शिक्षक होते. त्यांनी शाळा सांभाळून दोन मुलांचे डबे करायला सुरुवात केली. पहिले दोन महिने मुले रोज पोहेच नेत होती. मी शनिवारी दुपारी बँक सुटली की एसटी धरायची, अर्जुनी मोरगाव, कोहमारा करत रात्री घरी, आणि सोमवारी पहाटे परत. साडेतीन वर्षे.

लोक म्हणतात, तुझ्या घरच्यांनी परवानगी दिली हे तुझे नशीब. मला या शब्दाची गंमत वाटते. माझ्या मिस्टरांची दोनदा बदली झाली, तेव्हा बायकोने परवानगी दिली असे कोणी म्हटले नाही. घरची मदत म्हणजे परवानगी नव्हे. घरातल्या कामाची वाटणी झाली, तीच मदत.

दुसरा पाय काम शिकवणाऱ्या माणसाचा.

त्या काळी बाई बँकेत लागली की तिला पासबुक भरायला नाहीतर काउंटरवर बसवत. त्यात वाईट हेतू नसायचा, उलट तिला त्रास नको म्हणूनच. पण बँकेत मॅनेजर होतो तो कर्जाचे काम येणारा माणूस. १९९४ मध्ये आमच्या शाखेत एक साहेब आले. त्यांनी मला कर्ज विभागात बसवले. सातबारा कसा वाचायचा, बोजा कुठे चढवतात, राइस मिलला कॅश क्रेडिट देताना गोदामात जाऊन पोती कशी मोजायची, पुढची थप्पी धानाची आणि मागे कोंडा तर नाही ना, हे कसे ओळखायचे, हे सगळे त्यांनी शिकवले. माझी पहिली टिपणी त्यांनी तीन वेळा परत केली. मला रडू आले होते. आज वाटते, ती तीन वेळा परत आली हेच माझे भाग्य. ज्या बाईचे काम कोणी तपासत नाही, तिला कोणी पुढे नेणारही नसते.

पुढे मी मॅनेजर झाल्यावर मिलमालक केबिनमध्ये यायचे आणि विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणायचे, "बसा, मीच आहे." पण त्यानंतर धानाच्या भावापासून मिलच्या उताऱ्यापर्यंत चार प्रश्न विचारले की त्यांचा सूर बदलायचा. तो आत्मविश्वास भाषणे ऐकून आलेला नव्हता. तो त्या गोदामातल्या धुळीतून आला होता.

तिसरा पाय नियमाचा.

चांगली सासू आणि चांगला साहेब मिळणे हा योग आहे. ज्या बाईला हे दोन्ही मिळत नाहीत तिने काय करायचे? तिच्यासाठी कायदा लागतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात बारा आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी समिती नेमणे सक्तीचे केले. २०१४ मध्ये केंद्र सरकारने सरकारी बँकांना कळवले की विवाहित महिला कर्मचाऱ्याने मागणी केल्यास तिला शक्यतो नवऱ्याच्या गावी किंवा जवळ नेमावे. हे पत्र वाचले तेव्हा मला माझे ते दोन नकार आठवले.

नियमांत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे सही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत. मी ग्रामीण शाखेत असताना एका गावच्या नवीन सरपंचबाईंचे यजमान ग्रामपंचायतीच्या खात्याचे कागद घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, ती घरीच असते, तिच्या सह्या मी आणून देतो." मी म्हटले, "भाऊ, सही माझ्यासमोर व्हायला पाहिजे." ते रागावून गेले. दोन दिवसांनी बाई आल्या, यजमान सोबत. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा ग्रामसेवक सोबत होते. तिसऱ्यांदा त्या एकट्या आल्या आणि मला म्हणाल्या, "मॅडम, हे पंधरा हजार कशाचे निघाले ते मला सांगा." त्या दिवशी त्या खऱ्या सरपंच झाल्या. मी काही मोठे केले नव्हते, फक्त नियम पाळला होता.

अशा राखीव जागांनी काय होते, याचा पश्चिम बंगालमध्ये ४९५ गावांत अभ्यास झाला आणि तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गावांत सरपंचपद लागोपाठ दोन वेळा बायकांसाठी राखीव राहिले, तिथल्या आईवडिलांच्या मुलींकडून असलेल्या अपेक्षा वाढल्या, मुलींच्या स्वतःच्याही वाढल्या आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ कमी झाला. म्हणजे खुर्चीवर एक बाई बसते, तेव्हा गावातल्या पोरी ते पाहत असतात.

चौथा पाय सोबतीचा.

माझ्या एका शाखेत बायकांसाठी बाथरूम नव्हते. मी शेजारच्या घरी जायचे, आणि वारंवार जायला नको म्हणून दुपारपर्यंत पाणीच प्यायचे नाही. दोन वर्षे मी हे कोणाला बोलले नाही. मग शाखेत दुसरी बाई आली. आठवड्याभरात आम्ही दोघींनी मिळून अर्ज दिला आणि चार महिन्यांत बाथरूम झाले. एकटी बाई सोसते, दोघी झाल्या की बोलतात. मी हे पुढे बचत गटांतही पाहिले. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गटांपासून बँकजोडणीचा प्रयोग सुरू केला. आपल्या जिल्ह्यात माविममुळे गावोगाव गट उभे राहिले. सुरुवातीला बँकेत एकेकटी येणारी बाई दारातच थांबायची. दहा जणी मिळून आल्या की थेट माझ्या टेबलाशी यायच्या आणि व्याजाचा हिशोब मागायच्या.

सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू केली, तेव्हाची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. अंगठा लावणाऱ्या बायका बँक कशी काढणार, म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. त्या बायका काही महिने लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, आम्हाला व्याज काढायला सांगा, बघू कोण आधी काढतो. परवाना मिळाला. एकटी असती तर पहिल्या नकारानंतर घरी बसली असती. माझ्यासारखीच.

आता एक गोष्ट सांगते, ती सांगायला मला जड जाते.

२००८ च्या सुमारास माझ्या शाखेत एक तरुण मुलगी होती. बाळंतपणाची रजा संपवून आलेली. ती कॅशवर बसायची. कॅश जुळेपर्यंत निघता येत नाही आणि तिच्या गावची शेवटची एसटी साडेपाचची. तिने मला विनंती केली, "मॅडम, सहा महिने मला दुसरे टेबल द्या." मी म्हटले, "आम्ही पण लेकरं वाढवली, आम्ही काही सवलत मागितली नाही." ती काही बोलली नाही. त्या वर्षी ऑफिसरच्या परीक्षेचा फॉर्म तिने भरला नाही. पुढच्या वर्षीही नाही.

आणि मी खोटे बोलले होते. मला सवलत मिळाली होती. सासूबाईंनी दिली होती, मिस्टरांनी दिली होती, त्या साहेबांनी दिली होती. ती मला इतकी अंगवळणी पडली की मी तिला माझे कर्तृत्व समजू लागले. त्या मुलीची तेवढ्यात बदली झाली, मला चूक सुधारता आली नाही. पुढे तसाच प्रसंग आला तेव्हा मी कॅशची पाळी दोघांत वाटून दिली. शाखा बुडाली नाही. दहा मिनिटांच्या बोलण्याने जमण्यासारखे होते.

शेवटी आपल्या वर्गाबद्दल. आपल्या वर्गात बेचाळीस जण होतो, त्यांत आम्ही अकरा मुली. पहिला नंबर माझा कधीच नव्हता. तो जिचा होता ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेत नाही, तिला आवडणार नाही. बीजगणित मला तिने शिकवले, शाळेच्या याच व्हरांड्यात. दहावीनंतर माझ्या वडिलांनी शिक्षण बंद म्हटले, तेव्हा आपले गणिताचे गुरुजी सायकलने आमच्या घरी आले आणि ओसरीवर दोन तास बसून राहिले. म्हणून मी गोंदियाला कॉलेजात गेले. तिच्या गावाचा रस्ता पावसाने बंद होता. गुरुजींना तिकडे जाता आले नाही, आणि पाऊस संपेपर्यंत तिचे लग्न ठरले होते. तिने चार मुले वाढवली, शेती सांभाळली. तिच्यात काय कमी होते? काहीही नाही. माझी खुर्ची तिचीही असू शकली असती.

इथे बसलेल्यांपैकी कोणाची राइस मिल आहे, कोणी मुख्याध्यापक आहे, कोणी कार्यालयात प्रमुख आहे, कोणाची सून नोकरी करते. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. तुमच्या हाताखाली किंवा तुमच्या घरात एखादी बाई असेल, तिला जिद्दीवर भाषण देऊ नका. तिला अवघड काम द्या आणि ते शिकवा. तिच्या नावाचा कागद तिच्याच सहीने जाऊ द्या. तिची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते विचारा. आणि तिने एकदा नाही म्हटले असेल, तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. मला तीनदा विचारले गेले म्हणून मी आज इथे उभी आहे.

गुरुजी आज नाहीत. त्यांच्या सायकलला आणि दुसऱ्या रांगेतल्या माझ्या मैत्रिणीला नमस्कार करून थांबते.