कुठं राहता?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदांनी व्यक्त केलेले मनोगत)



लातुरात नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठं राहता?" माझ्या लहानपणी याचं उत्तर गंजगोलाईपासून सुरू व्हायचं. 1917 साली आखलेली ती गोल बाजारपेठ, मधोमध जगदंबेचं मंदिर, भोवती सोळा रस्ते. सराफ लाईन, कापड लाईन, भुसार लाईन. नाव सांगितलं की धंदा कळायचा. आमचं घर पटेल चौकाकडं. दुपारी दाराला कडी लावायची पद्धतच नव्हती.

1982 साली जिल्हा झाला. पुढं कॉलेजं, क्लासेस वाढले, शहर औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोडनं पसरत गेलं. आपण 25 वर्षांपूर्वी इथं आलो तेव्हा समोर ज्वारीचं रान होतं. "तिकडं कोण राहतंय?" म्हणून रिक्षावाले यायचे नाहीत. आपण पहिलं काम केलं ते कंपाउंड वॉल बांधायचं.

मग 2016 चा उन्हाळा आला. पाण्याच्या टाक्यांजवळ 144 कलम लावायची पाळी आली होती. आपल्या बोअरला थोडं पाणी होतं. मागच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन मागच्या गेटला यायच्या. सभासदांनी तक्रार केली, कमिटीनं ठराव केला आणि सचिव म्हणून कुलूप मी लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एक मावशी आमच्याकडं कामाला आल्या. आपल्याच बोअरच्या पाण्यानं त्यांनी आमची भांडी घासली. त्या काही बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही.

12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. तीनशेहून जास्त किलोमीटरवरून लोकांनी आपल्याला पाणी धाडलं, आणि आपल्याला तीस पावलांवर देता आलं नाही!

त्याच साली पुढं पाऊस चांगला झाला, मांजरा धरण भरलं. कुलूप मात्र निघालं नाही.

आता कमान बांधायचं चाललंय, हॉलला रंग द्यायचाय. जरूर करा. माझी मागणी एवढीच, की मागचं गेट दिवसा उघडं ठेवावं आणि भिंतीबाहेर एक नळ काढून द्यावा. पुन्हा तसा उन्हाळा आला तर ठराव करायला बसू नये.

किल्ली इतकी वर्षं माझ्याच कपाटात होती. ती आज अध्यक्षांच्या हवाली करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.