अंबाजोगाई : पायी पाहण्याचे गाव



परळीस वैद्यनाथाच्या दर्शनाला आलेला यात्रेकरू सुमारे २५ किलोमीटरवरील अंबाजोगाईस येतोच असे नाही. आलाच तर योगेश्वरीचे दर्शन घेऊन परततो. वास्तविक तेथेच आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, खडकात कोरलेला हत्तीखाना आहे. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे ४० फूट लांबीच्या खादीवर लिहिलेली पासोडी ही तर मराठी वाङ्मयातील अपूर्व वस्तू. ही स्थळे सावलीच्या एका पायवाटेने जोडली, तर यात्रेकरूचा एक मुक्काम वाढेल आणि त्यावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालेल.

अशी वाट केवळ देणगीने होत नाही; आधी जागा राखावी लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजनेत रस्ते, उद्याने, क्रीडांगणे यांसाठी जागा आरक्षित होते. मात्र १० वर्षांत ती संपादित न झाल्यास मालक नोटीस देऊ शकतो, आणि विहित मुदतीत कार्यवाही झाली नाही तर आरक्षण संपुष्टात येते. म्हणून योजनेचा मसुदा प्रसिद्ध होताच नागरिकांनी सूचना व हरकती नोंदवाव्यात आणि पुढेही पाठपुरावा सोडू नये.

ईर्यासमिती पाऊल जपून टाकण्यास सांगते. आज विहार करणाऱ्या साधू-साध्वींना महामार्गाच्या कडेने जीव मुठीत धरून चालावे लागते. जी वाट त्यांना निर्धोक, तीच वृद्ध वारकऱ्याला व शाळकरी मुलालाही निर्धोक. सुवर्णमहोत्सवी वर्षात मंदिराच्या शिखराइतकीच या वाटेची चिंता समाजाने वाहावी.