संगणकाचा ओटा

आम्ही निगडीहून बोलतोय. यमुनानगर, ओटा स्कीम, रुपीनगर या भागांतल्या अकरा बचत गटांचे हिशेब आम्ही चौघी मिळून एका संगणकावर सांभाळतो. मागच्या वेळी आम्ही अंतर्गत कर्जाच्या व्याजाबद्दल बोललो होतो. आज त्या संगणकाबद्दलच बोलायचंय, कारण त्याच्यापायी आमच्या एका ताईंचं नाव थकबाकीदारांत गेलं होतं.

झालं असं. मार्च महिना होता, म्हणजे सगळ्या गटांचे हिशेब एकदम अंगावर. सकाळपासून मासिक सभांचे हप्ते भरणं चालू होतं. त्यातच पवनाथडी जत्रेत काढलेले स्टॉलचे फोटो एका मोठ्या गिऱ्हाइकाला पाठवायचे होते, तेही उघडून ठेवलेले. व्हॉट्सअ‍ॅप चालू, बँकेचं पान चालू, शिवाय कोणीतरी भजन लावलेलं. दुपारी साडेतीनच्या सुमाराला पडदा पांढुरका झाला. माउसचा बाण नुसता गोल फिरायला लागला. आम्ही दहा मिनिटं वाट पाहिली, चहा घेतला, परत येऊन पाहिलं तर तसंच. मग एकीनं बटण दाबून धरलं आणि संगणक बंद केला. तीन तासांचं काम त्याबरोबर गेलं.

खरी चूक आम्ही त्यानंतर केली. दुसऱ्या दिवशी कर्जाचे कागद बँकेत द्यायचे होते. घाईघाईत फाइल उघडली, दिसली तशी छापली आणि देऊन आलो. ती आदल्या दिवशी सकाळची फाइल होती. त्यात शिवणकाम करणाऱ्या एका ताईंचे दोन हप्ते नव्हते. कागदावर त्या थकबाकीदार दिसल्या आणि ओव्हरलॉक मशीनसाठीचं त्यांचं कर्ज थांबलं. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पैसे तर मी तुमच्या हातात दिले होते. मग ते गेले कुठं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या पासबुकात मात्र दोन्ही हप्ते सहीनिशी होते, त्यामुळे त्या सुटल्या. पण कागद दुरुस्त होऊन येईपर्यंत तीन आठवडे गेले. शाळेच्या गणवेशांचं काम मे महिन्यात वाटलं जातं. ते त्यांच्या हातून गेलं.

संगणकाला आम्ही सगळे दोष देऊन पाहिले. व्हायरस असेल म्हणालो. दुकानदाराने "फॉरमॅट मारू" म्हटलं, तेही केलं. आठ दिवस बरं चाललं, मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी आमच्यातल्या एकीची मुलगी, डिप्लोमाला आहे ती, येऊन बसली आणि आमचं काम नुसतं बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, याला काही झालेलं नाही. तुम्ही याच्या ओट्यावर जागाच ठेवत नाही."

आता निगडीत ओटा म्हटलं की आपल्याला ओटा स्कीम आठवते. तिला स्वयंपाकघरातला ओटा म्हणायचं होतं. आपल्या घरात फडताळ असतं, कोठी असते, तिथं वर्षभराचं धान्य राहतं. पण पोळ्या लाटायच्या तर कणीक, पोळपाट, तवा हे सगळं ओट्यावर घ्यावं लागतं. संगणकातही तसंच आहे. हार्डडिस्क म्हणजे कोठी. तिथं ठेवलेलं लाइट गेली तरी राहतं. रॅम म्हणजे ओटा. फाइल उघडली की ती कोठीतून ओट्यावर येते आणि काम सगळं ओट्यावर होतं. लाइट गेली की ओटा रिकामा. जे उचलून कोठीत ठेवलं नाही, म्हणजे सेव्ह केलं नाही, ते गेलं.

आमच्यापैकी बऱ्याच जणींनी एमएस-सीआयटी केलंय. रॅम म्हणजे रँडम अ‍ॅक्सेस मेमरी हे परीक्षेपुरतं पाठही केलं होतं. त्याचा आपल्या हप्त्याच्या वहीशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

आमचा संगणक चाकणच्या एका कंपनीतून निघालेला, जुना. त्याची कोठी ५०० जीबीची आणि ओटा फक्त ४ जीबीचा. त्यातली बरीच जागा विंडोज स्वतःलाच घेतं. उरलेल्या जागेत आमची जत्रा! ओटा भरला की संगणक लगेच बंद पडत नाही. तो ओट्यावरच्या काही वस्तू उचलून कोठीत एका कोपऱ्यात ठेवतो, लागल्या की परत आणतो. पण कोठी लांब, त्यात आमची हार्डडिस्क जुन्या पद्धतीची, फिरणाऱ्या तबकडीची, म्हणजे फारच हळू. डाव काढायला कोठीत, मीठ काढायला कोठीत, असा स्वयंपाक केला तर पोळी करपणारच. बाण गोल फिरतो तेव्हा बहुधा हीच धावपळ चाललेली असते. आणि कोठीतला तो कोपराही भरला, तर प्रोग्राम मध्येच बंद पडतो. म्हणून सी ड्राइव्ह गच्च भरू द्यायचा नाही. आमच्याकडे तिथं जुन्या कार्यक्रमांचे व्हिडिओ साठलेले होते.

त्या मुलीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. त्यात 'मेमरी' या शब्दावर क्लिक केलं की ओट्यावर सगळ्यात जास्त जागा कोणी अडवली ते क्रमाने दिसतं. आम्हाला वाटत होतं हिशेबाची फाइल जड असेल. सगळ्यात वर ब्राउझर होता! त्यात सतरा पानं उघडी. प्रत्येक टॅब ओट्यावर आपली जागा धरून बसतो, आपण त्याच्याकडे बघत असू किंवा नसू. आता आमचा नियम आहे, हिशेब चालू असताना तीनपेक्षा जास्त टॅब नाहीत. क्रोमच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स या भागात 'मेमरी सेव्हर' आहे, तोही चालू केला. न वापरलेल्या टॅबला तो झोपवतो. भजन आता फोनवर लागतं.

दुसऱ्या नंबरवर फोटो. हे ऐकून आम्हाला फार नवल वाटलं. फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो फाइल म्हणून बघितला तर तीन-चार एमबीचा दिसतो. पण तो आवळून ठेवलेला असतो. उघडला की त्यातला प्रत्येक ठिपका ओट्यावर मांडावा लागतो. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर १ कोटी २० लाख ठिपक्यांचे झाले जवळजवळ ४८ एमबी. कुरडई डब्यात केवढीशी आणि तेलात टाकली की कढईभर, तसं. असे वीस फोटो आम्ही एकदम उघडायचो, आणि वर एक्सेलच्या पानावरही चिकटवायचो. आता फोटो आधी लहान करतो आणि हिशेबाच्या फाइलमध्ये एकही ठेवत नाही.

मग एक्सेल. आमच्या फाइलमध्ये नावं दोनशेच्या आसपास, पण फाइल उघडायला मिनिट लागायचं. तिने कंट्रोल आणि एंड दाबलं, तर कर्सर साठ हजाराव्या ओळीवर जाऊन बसला. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी असतात. आम्ही हौसेनं पूर्ण रकाने पिवळे-गुलाबी रंगवले होते, सूत्रं खालपर्यंत ओढली होती. ते सगळं रिकामं रान एक्सेल आमचं म्हणून सांभाळत होतं. खालच्या रिकाम्या ओळी डिलीट केल्या, फाइल सेव्ह केली, आणि ती हलकी झाली. अकरा गटांची एकच फाइल होती, ती फोडून प्रत्येक गटाची वेगळी केली. सरलेल्या वर्षाची फाइल बंद करून बाजूला. चालू वर्षाची तेवढी ओट्यावर.

संगणक सुरू होताना कोणकोणते प्रोग्राम न बोलावता येऊन बसतात, तेही त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' या नावाखाली दिसतं. आम्ही पाच बंद केले. अँटिव्हायरसला हात लावू नका, बाकी जे ओळखीचं नाही ते कोणाला तरी विचारूनच बंद करा.

आणखी एक गोष्ट. काही प्रोग्राम ओट्यावरची जागा घेतात आणि काम झालं तरी सोडत नाहीत. लिहिणाऱ्याची चूक असते ती. तासातासाला त्यांचा पसारा वाढत जातो. उपाय एकच, तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडायचा, किंवा संगणक रीस्टार्ट करायचा. इथं एक गंमत आहे. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी विंडोज आपला स्वतःचा काही पसारा कोठीत जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच परत मांडतं, लवकर सुरू व्हावं म्हणून. ओटा खरा धुवायचा असेल तर 'रीस्टार्ट' करावं लागतं. आम्ही दर सोमवारी करतो.

हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही बरं का. २० जुलै १९६९ ला अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत होतं. त्यातल्या संगणकाचा ओटा जेमतेम ४ केबीचा, म्हणजे आपल्या एका फोटोपुढे काहीच नाही. उतरता उतरता एका रडारमुळे त्याच्यावर नको ते काम पडायला लागलं, आधीची कामं उरकेनात, ओट्यावर जागा संपली आणि धोक्याचा इशारा आला, क्रमांक १२०२. पण तो संगणक गोठला नाही. बिनमहत्त्वाची कामं त्याने खाली ठेवली आणि उतरण्याचं काम चालू ठेवलं. ते प्रोग्राम लिहिणाऱ्या चमूच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन, एक बाई. आमच्या सभेत हे सांगितलं तेव्हा एक आजी म्हणाल्या, "मग बाईच असणार. पाहुणे दारात आल्यावर काय बाजूला सारायचं ते तिलाच कळतं."

एवढं सगळं करूनही ओटा लहान पडला तर तो वाढवता येतो. आमच्या संगणकात रॅमची एक खाच रिकामी होती. दुकानदार नवीन संगणक घ्या म्हणत होता. आम्ही ४ जीबीची आणखी एक पट्टी टाकली, तीही जुनीच. पट्टी घेताना एक लक्षात ठेवा. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकींच्या जागी बसत नाहीत, आणि लॅपटॉपची पट्टी वेगळी, आखूड असते. जुनी पट्टी काढून बरोबर न्या, ब्लाउजपीस जुळवायला साडी नेतो तशी. आणि काढण्याआधी प्लग काढा. ज्या मोबाइल-संगणकावर 'मेमरी साफ करून देतो' अशा फुकट अ‍ॅपच्या जाहिराती येतात, त्यांच्या नादी लागू नका. ती अ‍ॅपच आधी ओट्यावर येऊन बसतात.

कधी कधी दोष ओट्याचा नसतोही. आपल्याकडे धूळ काय कमी आहे? पंखा धुळीने भरला की संगणक तापतो आणि बंद पडतो. रॅमची पट्टी खराब असेल तर निळा पडदा येतो. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणी आहे, ती करून बघा. आणि गुरुवारी लाइट जाते ती जातेच.

फोनवरही हाच खेळ आहे. तुम्ही सरकारी योजनेचा फॉर्म भरत असता, आधारचा फोटो काढायला कॅमेऱ्यात जाता, परत येता तर फॉर्म कोरा. कितीतरी बायका आमच्याकडे येऊन म्हणतात, माझंच काहीतरी चुकलं. चुकलेलं काही नसतं. कॅमेऱ्याला जागा लागते, फोनचा ओटा लहान, म्हणून फोनने मागचा फॉर्म खाली ठेवून दिला. फॉर्म भरण्याआधी फोटो काढून ठेवा, तो लहान करा, बाकीची अ‍ॅप बंद करा आणि मग बसा.

हे एवढं का सांगतोय, तर आपल्या वह्या आता संगणकात जाणार आहेत, काही जणींच्या गेल्याही. नाबार्डने १५ मार्च २०१५ ला ई-शक्ती नावाने गटांचे हिशेब संगणकावर घ्यायला सुरुवात केली, झारखंडचं रामगड आणि आपला धुळे जिल्हा, या दोन ठिकाणी. गटाचा व्यवहार पडद्यावर स्वच्छ दिसला तर बँकेला कर्ज द्यायला सोपं जातं, हा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. पण पडद्यावर जे नाही ते बँकेच्या लेखी नाहीच, हे आम्ही त्या मार्चमध्ये शिकलो.

आता आमची पद्धत अशी आहे. दहा नावं भरली की कंट्रोल आणि एस. एक्सेल आपणहून दर दहा मिनिटांनी एक प्रत राखतं, पण दहा मिनिटांत दोन गटांचे हप्ते होतात, त्यामुळे आम्ही त्याच्या भरवशावर राहत नाही. एका गटाची एंट्री संपली की एकीने पडद्यावरची बेरीज वाचायची, दुसरीने वहीतली. जुळली की पेनड्राइव्हवर प्रत. बँकेत द्यायच्या कागदावर छापल्याची तारीख आणि वेळ, आणि ज्या बाईचा हिशेब आहे तिची त्यावर सही. कागदी पासबुक आम्ही बंद केलेलं नाही आणि करणारही नाही.

त्या शिवणकाम करणाऱ्या ताईंचं कर्ज पुढे मंजूर झालं. ओव्हरलॉक मशीन आलं, या वर्षी गणवेशांचं कामही मिळालं. बेरीज वाचायला वही घेऊन आता त्याच बसतात. मध्येच थांबवून विचारतात, "सेव्ह केलंत का?"