दोन वह्यांमधील दिवस



लग्न होऊन मुलगी सासरी आली की तिचे नाव शिधापत्रिकेत चढते, बँकेच्या पुस्तकात चढते. ती परिचारिका असेल, तर आणखी एका वहीत ते चढावे लागते; आणि ती वही लवकर उघडत नाही. त्या प्रतीक्षेच्या दिवसांविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

गेल्या वर्षी आमच्या शेजारी कोल्हापूरची एक सून आली. तेथील रुग्णालयात तिने चार वर्षे परिचर्या केलेली. बेळगाव कोल्हापुरापासून शंभराहून थोड्याच अधिक किलोमीटरांवर. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ही दोन्ही शहरे एकाच मुंबई राज्यात होती. आज मध्ये राज्याची सीमा आहे. तिचे नाव महाराष्ट्राच्या परिचर्या परिषदेकडे, मुंबईस. ते यावयाचे कर्नाटकाच्या परिषदेकडे, बंगळुरास. पहिल्या परिषदेने नोंद पडताळून ना-हरकत दाखला द्यावयाचा, दुसरीने तो पाहून नाव लिहावयाचे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने मान्य शिक्षण सर्व राज्यांत ग्राह्य ठरविले, म्हणून पुन्हा शिकावे लागत नाही. मात्र कागद फिरेपर्यंत थांबावे लागते. तिला साडेचार महिने थांबावे लागले.

घरात कर्जाचा हप्ता होता. अशा वेळी एका खासगी रुग्णालयाचे मालक म्हणाले, "उद्यापासून रात्रपाळीला या. पगार तूर्त निम्मा. नोंदणीचे मागाहून पाहू." ती माझ्याकडे विचारावयास आली. मी, खरे सांगते, म्हणाले, "अगं, काम तेच, हात तेच. घेऊन टाक."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, रात्री दोन वाजता एखाद्या रोग्याला इंजेक्शनाचा त्रास झाला, तर त्याचे नातेवाईक विचारतील, ही कोण? तेव्हा मी काय दाखवू?"

मुलांना वर्षानुवर्षे नागरिकशास्त्र शिकविणारी मी, मला उत्तर देता आले नाही. पुढे मी याविषयी थोडे वाचले. न्यूझीलंडने १९०१ साली परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला, इंग्लंडने १९१९ साली. या वह्या निर्माण झाल्या त्या रोग्यासाठी. आपल्या उशाशी उभी असलेली स्त्री खरोखर शिकलेली आहे, हे अंथरुणावरच्या माणसाला तपासता येत नाही; म्हणून ते समाजाने आधीच तपासून ठेवावयाचे. निम्मा पगार देणारे मालक तिची अडचण ओळखून होते, आणि त्या व्यवहाराचा धोका मात्र तिचा आणि रोग्याचा होता.

मग तिने काय केले? दुसऱ्या एका रुग्णालयात ती कचेरीत साहाय्यक म्हणून लागली. रोग्यांच्या नोंदी लावणे, विम्याचे कागद पुरे करणे, भेटीच्या वेळा देणे, एवढेच काम. औषधाला हात नाही, अंगावर परिचारिकेचा गणवेश नाही. आणि हे सारे नेमणुकीच्या पत्रात लिहून घेतलेले. शनिवारी ती आमच्या शाळेत मुलींना प्रथमोपचार शिकवी. भाजलेल्या जागी हळद वा दंतमंजन न लावता आधी थंड वाहते पाणी सोडावे. जुलाबात एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पाजावे. हे मुलींनी घरोघरी नेले.

आणखी एक लाभ झाला. खिडकीपाशी येणारे निम्मे लोक कन्नड बोलत. पहिल्या आठवड्यात ती शेजारणीकडे पाही, चौथ्या महिन्यात स्वतःच विचारू लागली, "नोवु एल्लिदे?" म्हणजे, कुठे दुखते? हा प्रश्न रोग्याच्या भाषेत विचारता येणे, हे कोणत्याही दाखल्याने मिळाले नसते.

अशा प्रसंगी असलेल्या भगिनींना तिच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. स्थलांतर ठरताच, सामान बांधण्यापूर्वी, अर्ज करावा. जुनी नोंदणी मुदतीत आहे ना, हे आधी पाहावे. मूळ प्रमाणपत्रे कोणाही मालकाच्या ताब्यात देऊ नयेत, नकला द्याव्यात. आणि मधल्या कामाचे नाव व स्वरूप लेखी घ्यावे. २०२३ साली संसदेने परिचर्येसाठी नवा राष्ट्रीय आयोग कायदा संमत केला; त्यात राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. त्यायोगे ही वाट आखूड व्हावी, अशी आशा करू या.

एक विनंती घरच्या मंडळींनाही आहे. "एवढी शिकून कारकुनी करते," असे तिला ऐकवू नका. आणि रुग्णालयांच्या चालकांनो, अशा मुलीला रात्रपाळीचा मोह घालण्यापेक्षा कचेरीतील एक खुर्ची द्या. नोंदणी येताच ती आपल्याच वॉर्डात उभी राहील.

आमच्या शेजारणीचे पत्र आले, त्या दिवशी ती पेढे घेऊन आली. म्हणाली, "बाई, आता विचारू देत कोणालाही, ही कोण म्हणून." मी पेढा घेतला, आणि त्या दिवशी दिलेला माझा सल्ला मनोमन परत घेतला.