पाणी आणि पक्षाघात



अंगावरून वारें गेलें म्हणजे आपण दैवाला बोल लावतों. फार झालें तर रक्तदाबाचें नांव घेतों. पण या रोगाचा नदीच्या पाण्याशीं कांहीं संबंध असेल काय, अशी शंका जपानांत एका शेतकी रसायनशास्त्रज्ञाला आली. तिची हकीकत आज सांगावयाची आहे.

जुन कोबायाशी हे वैद्य नव्हते. पिकांस कोणतें पाणी मानवतें हें पाहण्याकरितां त्यांनीं देशभरच्या नद्यांचें पाणी तपासलें. मृत्यूंच्या आंकड्यांशीं तें ताडून पाहतां, जेथें पाणी आम्लतेकडे झुकलेलें, तेथें पक्षाघातानें मरणारे अधिक, असें त्यांस आढळलें. हें त्यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९६० सालीं अमेरिकेंत हेन्री श्रोडर यांनीं मृदु पाण्याच्या शहरांत हृदयाच्या व रक्तवाहिन्यांच्या रोगांनीं होणारे मृत्यू अधिक असल्याचें दाखविलें. मग ज्या जड पाण्यांत डाळ शिजत नाहीं म्हणून गृहिणी त्याला नांवें ठेवितात, तेंच गुणकारी कीं काय? त्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियम असतें, हें खरें.

पण जरा थांबावें. ज्या ईशान्य जपानांत पक्षाघाताचा कहर होता, तेथेंच हिंवाळा दीर्घ. भाज्या मिठांत मुरवून ठेवावयाच्या आणि सोयाबीनच्या खारट 'मिसो'चें कढण रोज प्यावयाचें. त्या काळीं अकिता प्रांतांत माणशीं दररोज सुमारें २७ ग्रॅम मीठ पोटांत जात असे! जागतिक आरोग्य संघटना ५ ग्रॅमांहून कमी खा म्हणते. मिठानें रक्तदाब चढतो आणि त्या दाबाखालीं मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्या फुटतात किंवा बुजतात.

तेव्हां आरोपी नदी कीं लोणच्याची बरणी? माझा कौल बरणीच्या विरुद्ध आहे. १९५१ पासून १९८० पर्यंत जपानांत मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला होता. लोकांनीं मीठ कमी केलें, गांवोगांव रक्तदाब तपासला जाऊं लागला, आणि हे मृत्यू झपाट्यानें घटले. नदीला मात्र मी निर्दोष सोडीत नाहीं. मॅग्नेशियमविषयींचा संशय शास्त्रज्ञांच्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं.

आणि बांगलादेशाच्या किनाऱ्यावर तर हा वादच उरत नाहीं. तेथें समुद्राचें खारें पाणी विहिरी-तळ्यांत शिरतें, आणि तें पिणाऱ्या गरोदर स्त्रियांत रक्तदाबाचा विकार अधिक आढळला आहे. त्यांच्यापुरती नदी आणि बरणी एकच झाली आहे. जेवणांतलें मीठ त्या कमी करतील, पण घागरींतलें कसें करणार?