मधाचं बोट आणि पोटातलं विरजण



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक एका बाळंतिणीच्या घरी झाली. पैसे मोजून झाल्यावर तिच्या सासूबाई म्हणाल्या, "आशाताई सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजा. आम्ही तर मधाचं बोट चाटवूनच पोरं वाढवली. एका बोटानं काय होतंय?"

प्रश्न मायेपोटीच होता. आज त्याचं उत्तर नीट देते.

आपण दूध विरजतो. भांडं स्वच्छ आणि विरजण चांगलं असेल, तर दही छान लागतं. नाहीतर दूध नासतं. बाळाच्या आतड्याचंही तसंच आहे. जन्मताना आणि नंतर आईच्या अंगावरून, दुधातून जिवाणू बाळाच्या पोटात जातात. चांगले जिवाणू आधी वस्तीला आले, की जुलाब करणाऱ्या जंतूंना जागा मिळत नाही. सिझर झालेल्या बाळाला जन्मताना आईचे हे जिवाणू कमी मिळतात, म्हणून त्याला तर अंगावर लवकर घ्यायला हवं.

आईच्या दुधात एक प्रकारची साखर असते, ती बाळाला पचत नाही. मग ती कशासाठी? ती या चांगल्या जिवाणूंचं खाणं आहे.

आपल्या पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. तिथे जिवाणूंचे हजारो नमुने जपून ठेवले आहेत. इथल्याच डॉ. योगेश शौचे यांनी सहकाऱ्यांसह भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंचा अभ्यास केला. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर एक प्रयोग झाला. अंगावर पिणाऱ्या बाळांपैकी काहींना आठवडाभर चांगले जिवाणू दिले. २०१७ साली निकाल छापून आला. त्या बाळांमध्ये जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. पण म्हणून दुकानातून पूड आणून बाळाला देऊ नका. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आता मधाचं बोट. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत. बाळाच्या पोटात अजून चांगली वस्ती झालेली नसते, म्हणून तिथे ती रुजतात आणि विष तयार करतात. बाळाला शी होत नाही, दूध ओढवत नाही, रडणं क्षीण होतं, अंग सैल पडतं. असं क्वचितच होतं, पण झालं तर जिवावर बेततं. मध उकळूनही ही बीजं मरत नाहीत. म्हणून वर्षाच्या आत मध नको.

सहाणेवर उगाळलेली घुटी, साखरपाणी, ग्राइप वॉटर, बाटली हेही सहा महिने नको. पहिला पिवळा चीक मात्र टाकायचा नाही. उरलेलं अँटिबायोटिक मनानं पाजू नका, त्यानं चांगले जिवाणूही मरतात. जुलाब झाले तर अंगावर पाजत राहा, ओआरएस आणि झिंक आशाताईंकडून घ्या. शीत रक्त दिसलं किंवा बाळ मलूल झालं, तर लगेच दवाखाना गाठा.

सहा महिने झाले, की थाटात उष्टावण करा. मऊ भात, वरण, नाचणीची पेज, पुढे ताजं दही. हात धुऊन भरवा.

त्या आजींना मी म्हटलं, "बाळाला काही चाटवू नका, पण सुनेला पोटभर जेवू घाला. तिच्या दुधातूनच नातवाला सगळं मिळतंय." आजी हसल्या आणि चुलीकडे गेल्या.

पुढच्या बैठकीत हा विषय तुमच्याही गटात काढा. सासूबाईंनाही बोलवा.